सुपीक चूक

ईश्वरी बगाडेला प्रवेश परीक्षेत शंभरापैकी एकसष्ट गुण पडले आणि तिला त्वरा वर्गात जागा मिळाली. तिच्याच गल्लीतल्या एका मुलाला ब्याण्णव पडले होते. त्याला मिळाली नाही. हे कळल्यावर ईश्वरीच्या आईनं, रोहिणीनं, अर्धा किलो पेढे आणले. शंका मात्र आणली नाही. देवानं ओंजळीत काही टाकलं तर ते का टाकलं म्हणून विचारायला कोणी गाभाऱ्यात परत जात नाही.

आणि देणं काही साधंसुधं नव्हतं. लातूरला पाण्याचा दुष्काळ पडला, शिकवणी वर्गांचा कधी पडला नाही. पण औसा रोडवर दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या त्वरा वर्गानं त्या सगळ्यांना मागं टाकलं होतं. नववी ते बारावी, चार वर्षांचं गणित दहा महिन्यांत. वर्गात मुलं चोवीस, पंचविसावं नाही. मार्चपर्यंत जो टिकेल त्याला दाखला, आणि ज्याच्या हातात दाखला त्याला पुढं इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षाच नाही, थेट आत. टिकायचं, एवढी एकच अट होती.

रोहिणी टेलर होती. अंगाचा फोटो काढून कपडे शिवणारी यंत्रं आली तेव्हा शहरातली निम्मी शिलाईची दुकानं बसली. रोहिणीचं बसलं नाही, कारण बाई वर्षभरात थोडी भरते आणि यंत्र शिलाईत माया ठेवत नाही. अर्धा इंच जास्तीचं कापड आत दडवून ठेवायचं, म्हणजे पुढं उसवून सैल करता येतं, ही गोष्ट यंत्र बनवणाऱ्यांना कोणी सांगितली नव्हती. नवरा हैदराबादच्या गोदामात कामाला, महिन्यातून दोनदा यायचा. ईश्वरी त्या कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांत खेळत वाढली. तिनं आपल्यासारखं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बगला मोजत बसू नये, एवढंच रोहिणीला हवं होतं. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती. हे तिनं मोठ्या अभिमानानं चारचौघांत सांगितलंही होतं.

प्रवेशाचा करार अकरा पानांचा होता. त्यातल्या दोन गोष्टी तिथल्या बाईंनी तोंडी सांगितल्या. एक, प्रत्येक मुलाच्या कानामागं करंगळीएवढी एक पट्टी चिकटवली जाईल. मुलाला किती समजलं, ते कुठं अडलं, उत्तर देताना त्याची किती खात्री होती, हे ती मेंदूतल्या हालचालींवरून शिक्षकांना कळवील. दोन, घरी अभ्यास करायचा नाही. वही वर्गातच राहील, शिकवणी लावायची नाही. नाहीतर मोजमाप बिघडतं. बाकीच्या पानांवर रोहिणीनं सह्या केल्या.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ईश्वरी रडत घरी आली.

"कामून रडायलीस गं?" रोहिणीनं मशीन थांबवलं.

"सगळी हसायली होती मला."

चौकोनाची बाजू थोडीशी वाढवली तर क्षेत्रफळ किती वेगानं वाढतं, असा धडा होता. देवणीकर मॅडमनी ईश्वरीला फळ्यापाशी बोलावलं. चौकोनाच्या दोन कडांना दोन लांब पट्ट्या जोडल्या जातात, हे ती बरोबर सांगून गेली. पण कोपऱ्यात एक इवलासा चौकोन उरतो. मॅडम म्हणाल्या, वाढ बारीक बारीक करत नेली की तो सोडून द्यायचा. ईश्वरी सोडायला तयार होईना.

"मी म्हणाले, बारीक झाला म्हणून काय झालं, उरलाय ना? कोपऱ्यातलं कापड टाकून दिलं तर कोपरा फाटतो. तर त्या म्हणाल्या, अजून सांग. मी सांगत गेले आणि पोरं हसत गेली. मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि सगळ्यांना कळलं."

"आणि तुला?"

"मी तिथंच अडकले होते, तोवर त्या पुढं गेल्या."

पुढं गेल्या, हे रोजचंच झालं. त्वरा वर्गाची चालच तशी. समोरच्या पडद्यावर चोवीस ठिपके असत. तेवीस हिरवे झाले की धडा पुढं सरके. चोविसावा लालच राही आणि तो ईश्वरीचा असे. रोज पहिला प्रश्न तिलाच. ती उठायची, मनापासून विचार करून उत्तर द्यायची, ते चुकायचं, मॅडम तिला खोदून खोदून कारण विचारायच्या, आणि तिच्या कारणातली खोट दाखवता दाखवता सगळ्या वर्गाचं गणित सुटायचं. ऑगस्टपासून तिला सकाळी पोटात दुखायला लागलं. डब्यातली पोळी परत यायची. रोहिणी डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "होईल गं बाई, मोठ्या शाळेत आधी असंच होतं." तिचा यावर खरोखर विश्वास होता.

सप्टेंबरात ईश्वरीला ताप आला. डॉक्टरांनी तीन दिवस झोपून राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर एक मोठी गाडी थांबली आणि डॉक्टर हंचाटे बाई उतरल्या. त्यांची ऋतुजा ईश्वरीच्या वर्गात पहिली होती. बाईंच्या हातात सफरचंदांची पेटी होती.

"ताई, मुलगी कशी आहे?" त्यांनी ईश्वरीच्या कपाळाला हात लावला. "शंभर असेल फार तर. मी गोळी देते. गाडीत पडून येईल, वर्गात फक्त दोन तास बसू द्या. मी स्वतः परत आणून सोडते."

"अहो, पण एवढं काय?" रोहिणी चक्रावून गेली. "दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"दोन दिवस झाले, वर्ग हललेला नाही. एकाच धड्यावर अडकलाय. आम्हा सगळ्या पालकांचं बोलणं झालं. म्हटलं आपणच जावं." मग त्यांना रोहिणीचा चेहरा दिसला. "तुम्हाला सांगितलं नाही का कोणी? सातव्या पानावर असतं ते."

ईश्वरीला गाडीत घालून त्या घेऊन गेल्या. रोहिणी नको म्हणाली नाही. एवढ्या मोठ्या बाईला आपल्या पोरीची गरज आहे, याचं तिला खरं तर थोडं बरं वाटलं होतं. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिनं करार काढला. सातव्या पानावर ईश्वरीच्या नावापुढं दोनच शब्द होते: संदर्भ विद्यार्थी.

संध्याकाळी पाचला ती देवणीकर मॅडमच्या समोर बसली होती. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, बोलायला मऊ. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, खरं सांगा. माझी पोरगी मठ्ठ आहे का?"

"छे छे! मठ्ठ मुलगी आम्हाला चालतच नाही." मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "रोहिणीताई, आपण चुकतो ना, ते आपल्याला कळायच्या आधी आपल्या मेंदूला कळतं. अर्ध्या सेकंदाच्या आत आत एक लहर उठते. ती उठली की मेंदू खडबडून जागा होतो आणि पुढं जे कानावर पडेल ते घट्ट धरून ठेवतो. आणि दुसऱ्याला चुकताना पाहिलं तरी ती लहर आपल्यात उठते. तुमच्याकडे मुली शिकायला येतात. एकीची कात्री वाकडी गेली, की बाजूला बसलेलीची पुढं कधी तशी जात नाही. खरं की नाही?"

"खरंय."

"पण कुठलीही चूक चालत नाही. आळसानं केलेली, अंदाजानं ठोकून दिलेली चूक नापीक असते. मुद्दाम केलेली तर अगदीच. पट्टीला ती लगेच कळते आणि पाहणाऱ्या मुलांच्यात काही हलत नाही. चूक प्रामाणिक हवी. तिच्यामागं विचार हवा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर माझंही झालं असतं. अशी एक सुपीक चूक झाली की बाकीच्या तेविसांचं चार दिवसांचं काम एका तासात होतं. त्वरा वर्गाची सगळी त्वरा इथून येते, यंत्रातून नाही. प्रवेश परीक्षेला बाराशे मुलं बसली होती. तेवीस जणांचे आम्ही गुण बघितले. एकीच्या चुका बघितल्या. इतक्या सुंदर चुका मी तीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या."

चहा आला. रोहिणीनं कप हातात धरला आणि तसाच ठेवला.

"तेविसांना येतंय. तिला कधी येणार?"

"तिला यायला लागलं तर आम्हाला दुसरी बघावी लागते."

"आणि दाखला?"

"मार्चपर्यंत टिकली तर तिलाही तोच दाखला. त्यावर कुठंही वेगळं काही लिहिलेलं नसतं." मॅडमनी आवाज खाली आणला. "फक्त तिला हे सांगायचं नाही. कळलं की चूक प्रामाणिक राहत नाही, आणि जागा त्याच दिवशी जाते."

पोरीला हाताला धरून तिथून बाहेर काढायला रोहिणीला कोणी अडवलं नव्हतं. दार उघडंच होतं. तिला राग आला, इतका की कानशिलं तापली. पण रागाच्या जोडीनं हिशेबही आला: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पाच महिने. पाच महिने कोणी हसलं तर पोरगी मरत नाही, आणि दाखला जन्मभर पुरतो. गणित काय, दाखला हातात आल्यावर पुढं सावकाश शिकेल. असा विचार करणारी ती काही जगातली पहिली आई नव्हती. चहा न पिता ती उठली आणि येताना ईश्वरीसाठी भेळ घेऊन आली.

पण झालं भलतंच. दिवाळी संपली, लग्नसराई लागली, आणि पोरीला गणित यायला लागलं.

एका नवरीच्या दोन करवल्यांचे घागरे शिवायला आले होते. पूर्ण गोल घेराचे, खाली जरीची लेस. गोल घेराला लेस किती लागेल हे कापल्यावर टेप फिरवूनच कळतं, म्हणून रोहिणी नेहमी दोन वार जास्तच आणायची. ईश्वरी टेबलावर चढून बसली होती. तिनं खडू उचलला.

"थांब, मी सांगते. कंबर किती? सव्वीस. लांबी छत्तीस. मम्मी, ऐक ना. गोल एक इंच बाहेर सरकला की घेर सव्वासहा इंचांनी वाढतो. किंचित जास्त. कंबर कितीही असू दे, सव्वीस नाहीतर साठ, वाढ तेवढीच! छत्तीस इंचांना दोनशे सव्वीस. त्यात कंबरेचे सव्वीस. दोनशे बावन्न."

"कापायच्या आधीच?"

"काप तू."

रोहिणीनं कापड चौपदरी घडी घातलं, खूण केली, कापलं. लेस दोनशे बावन्न इंच, जोडाला एक इंच वर. घेरावर टाचण्या लावत लावत दोघी दोन बाजूंनी निघाल्या आणि लेसची दोन टोकं एकमेकांना येऊन भेटली. ईश्वरीनं आनंदानं आरोळीच ठोकली.

"मॅडम जुलैपासून हेच सांगायल्या होत्या! वाढायचा वेग म्हणजे हेच. मला वाटायचं, त्या काहीतरी टाकून देतात. टाकत नाहीत गं, आधी वेग बघतात!"

रोहिणीनं तिला जवळ घेतलं. त्या दुपारी ती खरोखर सुखी होती, आणि ‘तिला यायला लागलं तर दुसरी बघावी लागते’ हे मॅडमचं वाक्यही तिला तेव्हाच आठवलं होतं.

आठ दिवसांनी मॅडमनी बोलावून घेतलं. पडद्यावर एक रेघ होती; ती डोंगर उतरावा तशी खाली आली होती.

"सुपीकता एकाहत्तर होती, अडतीसवर आली. परवा तिनं उठून लागोपाठ दोन उत्तरं बरोबर दिली. वर्ग जागच्या जागी बसला." मॅडमना खरंच वाईट वाटत होतं. "पंधरा दिवस वाट बघू. मग निलंग्याची एक मुलगी तयार आहे."

"मी तिला घरी काही शिकवत नाही हो."

"मला माहीत आहे. पण ती आता उत्तर देताना घाबरत नाही. पट्टीत स्पष्ट दिसतं. स्वतःवर भरवसा आला की मूल चुकीच्या वाटेवर जास्त वेळ थांबत नाही, आपलं आपण परत फिरतं."

देवणीकर मॅडमनी अमुक करा असं काही सांगितलं नाही. त्या एवढंच बोलल्या. पुढचं सगळं रोहिणीचं स्वतःचं.

दुसरा घागरा तिनं रविवारी दुपारी कापायला घेतला. कंबर तीस, लांबी छत्तीस. ईश्वरीनं क्षणात सांगितलं, "दोनशे छप्पन्न." आणि ती आंघोळीला गेली.

रोहिणीनं कापड घडी घातलं. टेप लावला. आतल्या कंबरेच्या खुणेपासून छत्तीसवर खडू टेकवला. मग तो उचलला आणि सदतीसवर टेकवला. एका इंचाला सव्वासहा, हे पोरीनंच शिकवलं होतं. अठरा वर्षं ज्या हातानं कुणाचं सूतभर कापड वाकडं कापलं नव्हतं, त्या हातानं तिनं सावकाश, नीट, गोलाई न बिघडवता एक इंच जास्त कापलं. मग ईश्वरीला हाक मारली आणि लेस तिच्याच हातानं लावायला दिली.

लेसची टोकं भेटली नाहीत. मध्ये सहा इंचांची फट राहिली.

ईश्वरीनं लेस उलगडली, टेपनं मोजली. दोनशे छप्पन्न आणि जोडाचा एक, बरोबर होती. तिनं पुन्हा लावली. फट तेवढीच. तिनं घागऱ्याची लांबी मोजली नाही. ते तिच्या मनातही आलं नाही, कारण लांबी आईनं कापली होती.

"पण त्या दिवशी तर आलं होतं," ती हळूच म्हणाली.

"नशिबानं आलं असेल." रोहिणी सुईत दोरा ओवायला लागली, म्हणजे वर बघावं लागू नये. "एकदा जमलं म्हणून येतंय असं होत नाही, बाई. नसतं एखाद्याच्या डोक्यात. आता ही लेस वाया गेली ना? गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

"मी परत करून बघते. कुठं चुकलं बघते."

"नको. ठेव तो खडू. तुझ्याच्यानं नाही होत ते."

ईश्वरीनं खडू ठेवला. रडली नाही. रडली असती तर कदाचित रोहिणीनं सगळं सांगून टाकलं असतं. पोरगी नुसती बघत राहिली, घागऱ्याकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे.

पुढच्या दीड महिन्यात रोहिणीनं असं आणखी तीनदा केलं. एकदा अस्तरात, एकदा पडद्यांच्या चुण्यांत, एकदा बाह्यांच्या गोलाईत. दर वेळी एखादी खूण थोडी सरकवायची आणि पोरीला हाक मारायची. पहिल्या खेपेला खडू आधी बरोबर खुणेवर टेकला होता. चौथ्या खेपेला टेकला नाही. रेघ पुन्हा चढली: पन्नास, चौसष्ट, ऐंशी. निलंग्याच्या मुलीला नको म्हणून कळवण्यात आलं. हंचाटे बाईंनी संक्रांतीला तिळगुळाचा डबा पाठवला आणि सोबत चिठ्ठी: ‘तुमच्या ईश्वरीमुळे आमची ऋतुजा कुठल्या कुठे गेली.’

मार्चमध्ये दाखले वाटले. ईश्वरीचं नाव पुकारलं तेव्हा तेवीसही मुलं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवल्या. ती खोटी टाळी नव्हती. वर्षभर जिच्या खांद्यावर चढून त्यांनी भिंतीपलीकडचं बघितलं, तिच्यावर त्यांचा जीव होता. ईश्वरीनं मान खाली घालून दाखला घेतला. रोहिणीनं तो कपाळाला लावला. सुटलो, तिला वाटलं. आता घरी जाऊन पोरीला सगळं सांगायचं, पाया पडायचं, चार दिवस ती रुसेल, मग हसेल.

समारंभ संपल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"रोहिणीताई, हे बघा. जानेवारीपासूनचं आहे." पडद्यावर दोन रेघा होत्या, एक वर चढणारी आणि एक तळाशी पडलेली. "ही वरची म्हणजे तिच्या मेंदूत आलेलं पहिलं उत्तर. बरोबर आहे. रोज बरोबर आहे. ऋतुजापेक्षाही आधी. आणि ही खालची म्हणजे त्या उत्तरावरचा तिचा भरवसा. शून्य. बरोबर उत्तर येतं आणि दुसऱ्याच क्षणी ती ते आपलं आपण खोडते, मग त्याच्या जागी चुकीचं शोधून काढते, आणि अगदी प्रामाणिकपणे."

"म्हणजे तिला येतंय?" रोहिणी पडद्याजवळ सरकली.

"सगळं येतंय! हेच तर. आजवरची आमची अडचण अशी होती की मुलांना समजलं की चूक आटते. वर्षाच्या आत नवं मूल बघावं लागतं. हिची आटत नाही. समजूनही आटत नाही. अशी चूक आम्हाला आजवर मिळाली नव्हती." त्यांनी एक कागद पुढं केला. "पुढची तीन वर्षं. नव्या तुकड्या, ही तीच. तिचं काम काय, ते मी ईश्वरीला सांगितलं आहे; कळूनही हिची चूक प्रामाणिकच राहते. ती तयार आहे."

"ते बंद कसं करायचं?"

"काय?"

"ते खोडणं. ते बंद कसं करायचं, मॅडम?"

मॅडमनी विचार केला. खरंच केला. "ते आमच्या अभ्यासात येत नाही हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी कटिंगच्या टेबलावर तो कागद भरत बसली होती. रोहिणी समोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. सातवं पान. सदतीसची खूण. अस्तर, चुण्या, बाह्या. तुझं सगळं बरोबर होतं, मी मुद्दाम कापलं, माझं चुकलं, पोरी, माझ्या तोंडात मार.

ईश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून आईचे डोळे स्वतःच्या ओढणीनं पुसले.

"मम्मी, तुझी कात्री कधी चुकती का? अख्ख्या लातूरला माहितीय." ती समजूत घालत होती. "मला बरं वाटावं म्हणून बोलायलीस तू. नको ना गं असं करू. मला खरंच काही वाटत नाही आता."

"देवाशपथ सांगते. टेप घे. आत्ता कापून दाखवते तुला. तू सांग घेर, मी कापते."

"नको." ती पटकन बोलली आणि तिचे हात मागं गेले. "नको, मम्मी. ते नको."

"मग इंजिनिअरिंगचा अर्ज? त्याचसाठी तर केलं सगळं."

"तिथं मला काय जमणारंय? इथं निदान माझा उपयोग होतो. सगळे वाट बघतात माझी." ती परत बसली. "सही कर ना. प्लीज. एवढी एकच गोष्ट येते मला."

रोहिणीनं नाही म्हणून बघितलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा पोरीच्या तोंडाकडे बघून तिला म्हणवेना. तिनं खालच्या कोपऱ्यात सही केली. वर एक रकाना खोडलेला दिसत होता. ‘करार संपताना वय.’

"हे काय खोडलंस गं?"

"पंधरा आणि तीन," ईश्वरी म्हणाली. "किती होतात?"

"अठरा."

"हो ना? मी तेच लिहिलं होतं."

"मग खोडलंस कशाला?"

ईश्वरीनं आईकडे नवलानं पाहिलं. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, असं तिला वाटलं असावं.

"मीच लिहिलं होतं ना," ती म्हणाली.